हलक्या वाऱ्यात विंडफॉइलिंग करायचं, तर शीड कोणतं घ्यावं?

पावसाळा सोडला तर पुण्याच्या आसपासच्या जलाशयांवर वारा बहुतेक वेळा हलकाच असतो. मार्च ते मे दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत कमी-जास्त होत टिकतो. थंडीत मात्र सकाळभर पान हलत नाही, दुपारी जेमतेम सहा-सात नॉटांची झुळूक येते (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). साध्या फिनच्या, म्हणजे खाली लहान पातं असलेल्या, बोर्डाला एवढ्या वाऱ्यात प्लेनिंग, म्हणजे पाण्यावरून घसरत धावणं, मिळत नाही. फॉइल म्हणजे बोर्डाखाली उभ्या खांबावर बसवलेला, पाण्यात चालणारा पंख. वेग आला की तो बोर्ड वर उचलतो. फॉइलचा बोर्ड आठ-नऊ नॉटांत पाण्यापासून सुटतो आणि एकदा सुटला की त्याहून कमी वाऱ्यातही वर राहतो. म्हणून या भागात विंडसर्फिंग मनापासून करायचं असेल, तर फॉइलला पर्याय नाही असंच आम्ही म्हणू.

शीड घेताना सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात: केवढं घेऊ? खरं तर हा तिसरा प्रश्न आहे. आधी फॉइलचा पुढचा पंख केवढा आहे ते बघा. मग शीड वजनाला किती हलकं आणि आकाराला कसं आहे ते बघा. क्षेत्रफळ त्यानंतर ठरवा. हा क्रम उलटा केला की नऊ चौरस मीटरचं शीड विकत घेऊनही बोर्ड पाण्याला चिकटलेलाच राहतो आणि दोष वाऱ्याला दिला जातो.

एक खुलासा. मास्ट, म्हणजे उभा दांडा, दोन असतात, शिडाचा आणि फॉइलचा. इथे 'मास्ट' म्हणजे शिडाचा. फॉइलच्या उभ्या भागाला आपण 'खांब' म्हणू.

एक चौरस मीटर वाढवून मिळतं किती?

शिडावर येणारा जोर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, पण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा ८ नॉटांवरून १० नॉटांवर गेला की त्याच शिडात सुमारे ५६ टक्के जास्त जोर येतो. आता हेच उलट बाजूने बघा. ६.० चं शीड ८ नॉटांत जेवढा जोर देतं, तेवढाच जोर ७.० चं शीड ७.४ नॉटांत देतं. म्हणजे एक पूर्ण चौरस मीटर वाढवून तुम्ही वाऱ्यातला जेमतेम अर्धा-पाऊण नॉट वाचवला. ७.० वरून थेट ९.० वर गेलात तर हिशोबाने ६.५ नॉटांपर्यंत उतरता.

हा हिशोब कागदावरचा. प्रत्यक्षात मोठ्या शिडाबरोबर लांब मास्ट आणि लांब बूम (हातात धरायचा आडवा दांडा) येतं. ६.० ची पूर्ण जोडणी, म्हणजे शीड, मास्ट, बूम, एक्स्टेन्शन (मास्टची लांबी वाढवणारा खालचा तुकडा) आणि बेस (मास्टचा पाया) मिळून, साधारण आठ-नऊ किलोंची होते. कँबर (शिडाचा आकार टिकवणारे प्लास्टिकचे चिमटे) असलेल्या ९.० ची अकरा-बारा किलोंच्या घरात जाते. हे जास्तीचं वजन तुमच्या हातांपासून लांब, वर आणि मागे असतं, त्यामुळे पंपिंग करताना, म्हणजे शीड झटक्याने ओढून-सोडून बोर्डाला वेग देताना, ते दुप्पट जाणवतं. हलक्या वाऱ्यात बोर्ड पंपिंगनेच उठतो. जे शीड चार-सहा वेळा झटक्याने ओढून सोडता येत नाही, ते कागदावर कितीही मोठं असलं तरी उपयोगाचं नाही.

आधी पंख

समजा स्वार ७५ किलोंचा आहे आणि बोर्ड, फॉइल, शीड मिळून आणखी वीस-बावीस किलो. पुढचा पंख १२०० चौरस सेंटिमीटरचा असेल तर हे सगळं उचलायला बोर्डाला साडेआठ नॉटांच्या थोडा वर वेग लागतो. पंख १८०० चा असेल तर सात नॉट पुरतात. (उचल-गुणांक ०.८ धरून केलेला हा ढोबळ हिशोब आहे. पंखाच्या छेदानुसार थोडा फरक पडेल.) ८ नॉटांच्या वाऱ्यात बोर्ड ७ नॉटांवर नेणं पंपिंग करून जमतं. तोच बोर्ड पावणेनऊवर नेताना चांगल्या चांगल्यांची दमछाक होते. शिडाचे दोन-तीन आकार बदलूनही एवढा फरक पडत नाही.

म्हणून पुण्यात हलक्या वाऱ्यासाठी १६०० ते २२०० चौरस सेंटिमीटरचा पंख धरून चाला. वजन साठच्या आसपास असेल तर १६००, नव्वदच्या वर असेल तर २००० आणि पुढे. मोठ्या पंखाचा तोटा एवढाच की वरचा वेग लवकर अडतो आणि झोत आला की बोर्ड झटकन वर उसळतो. शिकणाऱ्याला आणि मजेसाठी फिरणाऱ्याला पहिल्या तोट्याने काही बिघडत नाही. दुसऱ्यासाठी पुढच्या पायावर वजन ठेवायची सवय लागते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विंडसर्फिंग आयक्यूफॉइल वर्गात झालं. त्यात पुरुषांचं शीड ९.०, महिलांचं ८.० आणि पुढचा पंख ९०० चौरस सेंटिमीटरचा. ते पाहून तसंच सामान घ्यावंसं वाटतं, पण त्या खेळाडूंना वेग हवा असतो आणि त्यांची पंपिंगची ताकद आपल्यापेक्षा फार वेगळी असते. लहान पंख आणि प्रचंड शीड ही जोडी शर्यतीची आहे. आपल्याला मोठा पंख आणि मध्यम शीड हवं.

पुण्याची हवा विरळ आहे, हे तक्त्यांना माहीत नसतं

शिडं बनवणाऱ्या कंपन्यांचे तक्ते बहुधा समुद्रकाठच्या, थंड हवेच्या देशांत तयार होतात. खडकवासला, पानशेत, पवना हे सगळे जलाशय समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरांवर आहेत. ३० अंश तापमानाला इथल्या हवेची घनता घनमीटरला साधारण १.०९ किलो असते. १५ अंशांना समुद्रकाठी ती १.२२५ असते. म्हणजे आपल्याकडची हवा अकरा टक्क्यांनी विरळ. तक्त्यात ६.० लिहिलं असेल तर तेवढाच जोर मिळवायला इथे ६.७ च्या आसपास लागतं. गोव्याच्या किनाऱ्याशी तुलना केली तर तापमान सारखंच असल्याने फरक सहा-सात टक्क्यांचा राहतो, म्हणजे तिथलं ६.० इथे ६.४.

पाण्याची घनता उंचीने बदलत नाही, त्यामुळे पंखाचे तक्ते इथे जवळजवळ जसेच्या तसे लागू पडतात. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलकं असतं, तेवढाच काय तो फरक.

आकार: पोट, लीच आणि त्यांची ओढाताण

फॉइलच्या शिडाकडून दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात. बोर्ड पाण्यावर असताना शिडाला पोट हवं, म्हणजे पंप केल्यावर ओढ मिळते. बोर्ड वर आला की तेच पोट आड येतं. का ते आकड्यांत बघू. वारा ८ नॉट, बरोबर आडवा. बोर्ड फॉइलवर १४ नॉटांनी चाललाय. शिडाला जाणवणारा वारा आता १६ नॉटांचा असतो आणि तो बाजूने न येता बोर्डाच्या नाकापासून फक्त ३० अंशांवरून येतो. इतक्या पुढून येणाऱ्या वाऱ्यात फार पोटाचं शीड पुढे ओढण्याऐवजी बाजूला ढकलतं आणि मागचा हात भरून येतो.

त्यामुळे निवडताना या गोष्टी तपासा. पोट मध्यम हवं आणि त्याचा सर्वात खोल भाग पुढे, मास्टजवळच्या तिसऱ्या हिश्श्यात हवा. पंप करताना तो मागे सरकता कामा नये. लीच, म्हणजे शिडाची मागची मोकळी कड, फिनच्या शिडापेक्षा ताठ हवी. फिनवरच्या स्लॅलम (शर्यतीच्या) शिडाचा वरचा भाग झोतात वारा सांडावा म्हणून मुद्दाम ढिला ठेवतात. हलक्या वाऱ्यात सांडायला वाराच नसतो. तिथे ढिली लीच म्हणजे प्रत्येक पंप वाया. तिसरी गोष्ट, शीड उंच आणि अरुंद असलेलं बरं. बूम आखूड राहतं, मागचं टोक हलकं लागतं आणि जाइब करताना, म्हणजे वारा पाठीमागून घेत दिशा बदलताना, शीड चटकन फिरतं.

बॅटन, म्हणजे शिडातल्या आडव्या काड्या, किती? ५.५ ते ७.० मध्ये पाच पुरेत. सहा-सात बॅटनचं शीड स्थिर असतं, पण प्रत्येक बॅटन वजन वाढवतो.

कोणत्या जातीचं शीड

बिनकँबरचं, फॉइलसाठी बनवलेलं फ्रीराइड (मजेसाठी फिरायचं) शीड ही पुण्यातल्या बहुतेकांची योग्य निवड. हलकं, उभारायला सोपं, पाण्यात पडलं तर बाहीत, म्हणजे मास्ट घालायच्या कापडी नळीत, फार पाणी भरत नाही. शेवटचा मुद्दा क्षुल्लक नाही. हलक्या वाऱ्यात वॉटरस्टार्ट, म्हणजे पाण्यातूनच शिडाच्या ओढीने बोर्डावर चढणं, होतच नाही. पडलात की दर वेळी बोर्डावर उभं राहून दोरीने शीड वर ओढायचं. कँबरच्या शिडाची बाही रुंद असते, तिच्यात पाणी भरतं आणि तासाभरात कंबर बोलायला लागते.

फॉइलवर सरावलेल्या, शर्यतीकडे वळू पाहणाऱ्या माणसाने दोन कँबरचं ७.० ते ८.० घ्यावं. कँबर म्हणजे बॅटन आणि मास्टच्या मधला प्लास्टिकचा चिमटा. त्याने शिडाचा आकार वारा नसतानाही टिकतो, त्यामुळे दोन झोतांच्या मधल्या खड्ड्यात बोर्ड वर राहतो. डोंगरांच्या मधून येणाऱ्या तुटक वाऱ्यात हा मोठाच फायदा आहे. पण आधी बिनकँबरच्या शिडावर पडणं कमी होऊ द्या.

घरात आधीपासून फिनसाठीचं साधं ६.० किंवा ६.५ फ्रीराइड शीड असेल तर नवीन घेण्याची घाई नको. डाउनहॉल, म्हणजे शीड मास्टच्या बाजूने खाली ताणणारी दोरी, थोडा कमी देऊन ते फॉइलवर चांगलं चालतं. जुनं ९.५ किंवा १०.० चं स्लॅलम शीड मात्र कुणी फुकट दिलं तरी हलक्या वाऱ्याच्या फॉइलला लावू नका. त्याचा वरचा भाग ढिला, बूम लांब, वजन जास्त. झोत संपला की ते तुम्हाला घेऊन पाण्यात जातं.

लाटांसाठीची लहान वेव्ह शिडं ४.५-५.० मध्ये फॉइलला उत्तम लागतात, पण ती पावसाळ्यातल्या वाऱ्यासाठी.

आता क्षेत्रफळ

१८०० ते २००० चा पंख, ८-९ नॉटांत पंप करून उठायचं, आणि इथली विरळ हवा हे सगळं धरून: ६० किलोंच्या माणसाला ५.५, ७५ किलोंच्या माणसाला ६.५, ९० किलोंच्या माणसाला ७.५. पंख १५०० चा असेल तर यात अर्धा मीटर वाढवा. पंपिंग अजून जमत नसेल तरीही अर्धाच मीटर वाढवा, जास्त नको. मोठ्या शिडावर पंपिंग शिकता येत नाही.

दोनच शिडं ठेवायची असतील तर वरच्या आकड्याचं एक आणि त्याहून दीड मीटरने लहान असं दुसरं घ्या. ७५ किलोंच्या माणसाला ६.५ आणि ५.०. एवढ्यात ८ पासून १८ नॉटांपर्यंतचा वारा निघतो. मधलं ५.८ घेण्यात पैसे घालवू नका, फॉइलवर एकाच शिडाचा पल्ला फिनपेक्षा बराच मोठा असतो.

बोर्डाचंही बघून घ्या. शीड दोरीने वर ओढायचं म्हणजे बोर्डाने तुम्हाला उभं पेललं पाहिजे. शरीराच्या वजनाच्या आकड्यात किमान चाळीस-पन्नास मिळवा, तेवढे लिटर हवेत. ७५ किलोंना १२० च्या वर.

मास्ट आणि बूम

चांगलं शीड चुकीच्या मास्टवर चढवलं की पोत्यासारखं होतं. शिडाच्या बाहीजवळ किंवा पिशवीवर तीन गोष्टी छापलेल्या असतात: लफची (शिडाच्या मास्टकडच्या कडेची) लांबी, मास्टची लांबी आणि मास्टच्या ताठपणाचा आयएमसीएस आकडा. ४३० सेंटिमीटरच्या मास्टला तो साधारण २१ असतो, ४६० ला २५, ४९० ला २९. ६.० ते ६.५ ला बहुधा ४३० लागतो, ७.० ते ८.० ला ४६०, ९.० ला ४९०. ताठपणा जुळला तरी वाकण्याचा प्रकार वेगळा असू शकतो. काही मास्ट टोकाला जास्त वाकतात, काही सर्वत्र सारखे. म्हणून शीड आणि मास्ट शक्यतो एकाच कंपनीचे, निदान त्या कंपनीने सुचवलेल्या प्रकाराचे घ्या.

कार्बनचं प्रमाण ७५ टक्क्यांच्या खाली नको. कमी कार्बनचा मास्ट जड तर असतोच, शिवाय वाकल्यावर हळू परततो, आणि पंपिंगमध्ये मिळणारा उसळीचा जोर त्या परतण्यातूनच येतो. पैसे कमी असतील तर ते मास्टवर घाला, शीड जुनं घ्या. बारीक व्यासाचा मास्ट ६.५ पर्यंत छान, बाहीत सहज फिरतो. त्यापुढे जाड व्यासाचा. कँबरच्या शिडाला तर कंपनी सांगेल तोच व्यास, कारण कँबर त्याच मापाचे असतात.

शिडाच्या छापील मापासाठी शेवटच्या टोकापर्यंत ताणावं लागेल असं बूम घेऊ नका. पूर्ण बाहेर काढलेलं अॅल्युमिनियमचं बूम पंप करताना लवतं आणि निम्मा जोर तिथेच जातो.

काठावर उभारताना

ही सगळी निवड पाच मिनिटांच्या चुकीच्या बांधणीने फुकट जाऊ शकते, म्हणून क्रमाने.

१. शीड गवतावर किंवा चटईवर पसरा. धरणाच्या काठावरचा मुरूम आणि खडक फिल्मला (शिडाच्या पारदर्शक प्लास्टिकला) ओरखडे पाडतात.

२. एक्स्टेन्शन मोजून लावा. लफ ४४८ आणि मास्ट ४३० असेल तर एक्स्टेन्शन १८.

३. डाउनहॉल छापील मापापर्यंत ओढा, मग हलक्या वाऱ्यासाठी एक सेंटिमीटर सोडा. वरच्या दोन बॅटनच्या मधली लीच बोटाने दाबल्यावर थोडी ढिली लागली पाहिजे, पण तो ढिलेपणा फडफडत बूमपर्यंत खाली येता कामा नये. मास्टच्या कडेने आडव्या सुरकुत्या दिसल्या तर डाउनहॉल कमी पडलाय.

४. बिनकँबरच्या शिडात बूमजवळच्या बॅटनचं पुढचं टोक बघा. ते मास्टच्या जाडीच्या मध्यापर्यंत आलेलं चालेल. त्यापुढे गेलं असेल तर जाइबमध्ये बॅटन अडकेल. डाउनहॉल अर्धा सेंटिमीटर वाढवा.

५. बूम हनुवटीच्या उंचीला बांधा. फिनपेक्षा थोडं वर. पंप करताना तरफ चांगली मिळते.

६. आउटहॉल (शिडाचं मागचं टोक बूमच्या टोकाकडे ताणणारी दोरी) आधी अजिबात ताण न देता शिडाचं मागचं टोक जिथे सहज येतं तिथे आणा, मग फक्त एक ते दोन सेंटिमीटर ओढा. शीड उभं धरून वाऱ्यात भरून बघा. पोट बूमच्या दांड्याला टेकत असेल तर आणखी एक सेंटिमीटर. शीड पत्र्यासारखं सपाट दिसलं तर सोडा. हलक्या वाऱ्यात सगळ्यात जास्त होणारी चूक ही आउटहॉल जास्त ओढण्याची आहे.

७. बोर्डावर मास्टचा पाया खाचेच्या मध्यापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे लावा, उठायला मदत होते. वारा वाढून नाक वर उसळायला लागलं की पुढे सरकवा.

हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, बूमवरच्या) दोऱ्या २८ ते ३२ इंचांच्या ठेवा. आठ नॉटांत बोर्ड उठेपर्यंत त्या अडकवू नका, पंपिंग बंद पडतं.

पाण्यावर शिडाची परीक्षा

वारा काटकोनात घेऊन पंप करत बसू नका. झोत येताना दिसला, म्हणजे पाण्यावर गडद पट्टा सरकत आला, की वारा जिकडे वाहतोय तिकडे बोर्ड वीस-तीस अंश वळवा आणि मग पंप करा. शीड पुढे-वर ढकलून अंगाकडे झटक्याने ओढायचं, त्याच लयीत मागच्या पायाने बोर्ड हलका दाबून सोडायचा. चार ते सहा जोरदार पंप पुरतात. त्यात उठला नाही तर थांबा, पुढच्या झोताची वाट बघा. बारा-पंधरा पंप केल्याने फक्त हात संपतात.

उठल्याबरोबर शीड थोडं उघडून हळूहळू आत घ्या, कारण जाणवणारा वारा लगेच पुढे सरकतो. पुष्कळजण इथे शीड घट्ट धरून ठेवतात. शीड गुदमरतं आणि बोर्ड पुन्हा पाण्यावर बसतो.

आता काय बिघडतं आणि का. पंप करताना ओढ लागतेय पण बोर्ड सरकत नाही: आउटहॉल जास्त आहे किंवा तुम्ही फार वर, वाऱ्याच्या तोंडाकडे आहात. बोर्ड उठतो आणि लगेच नाक आपटतं: शीड उठताना एकदम सोडलंत, मास्टवाटे बोर्डाच्या पुढच्या भागावर येणारा दाब गेला आणि पंख पाण्याबाहेर आला. झोतात मागचा हात ओढला जातो: पोट मागे सरकलंय, डाउनहॉल एक सेंटिमीटर वाढवा, तेवढ्याने भागलं नाही तर आउटहॉलही एक सेंटिमीटर. झोत संपताच बोर्ड खाली बसतो: शीड जड आहे किंवा लीच फार ढिली आहे. शीड ठीक असूनही नऊ-दहा नॉटांत रोजच उठायला त्रास होत असेल तर पुन्हा पंखाकडे या, शिडाकडे नाही.

वारा आणि पाणी वाचताना

अंदाज दाखवणारी अॅप दहा मीटर उंचीवरचा वारा सांगतात, तुमच्या शिडाला त्यापेक्षा थोडा कमी मिळतो. आकडा किलोमीटरमध्ये असेल तर १.८५ ने भागा. ताशी १५ किलोमीटर म्हणजे ८ नॉट. हातात धरायचा वारामापक घ्याच. उघड्या पाण्यावर १० नॉटांच्या आसपास तुरळक पांढरे तुरे दिसतात, पण अरुंद जलाशयात लाट उठायला जागा नसते, त्यामुळे तुरे दिसले नाहीत तरी वारा पुरेसा असू शकतो. पानशेत, वरसगावसारख्या डोंगरांमधल्या पाण्यावर वारा दिशा बदलत, झोतांनी येतो. तिथे काठापासून लांब, मोकळ्या पट्ट्यात राहा आणि सरासरी न बघता झोतांमधल्या खड्ड्यांचा आकडा बघून शीड ठरवा.

फॉइलचा खांब ८५ ते ९५ सेंटिमीटरचा असतो. कमरेपेक्षा खोल, निदान दीड मीटर पाणी हवं. उन्हाळ्यात वारा चांगला असतो, पण तेव्हाच धरणांची पातळी उतरते. जिथे फेब्रुवारीत खोल पाणी होतं तिथे मे महिन्यात खडक, झाडांची खोडं, जुने बांध वर येतात. मासेमारीची जाळीही असतात. काठावरच्या गावातल्या माणसांना विचारल्याशिवाय नव्या जागी उतरू नका. कोणत्या जलाशयात उतरायला परवानगी आहे हे जलसंपदा विभागाकडे आधी विचारा. खडकवासल्याच्या काठाचा मोठा भाग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा आहे, तिथे जाता येत नाही. हेल्मेट आणि तरंगतं जाकीट कायम. हलका वारा संध्याकाळी अचानक मरतो, म्हणून शीड बोर्डावर आडवं टाकून हातांनी वल्हवत परत येण्याचा सराव काठाजवळच करून ठेवा.

जुनं घेताना, आणि घेतल्यावर

भारतात विकणारे मोजके आहेत आणि मास्ट दोन भागांत सुटा होत असला तरी प्रत्येक भाग दोन मीटरच्या वर, त्यामुळे मागवणं महाग पडतं. जुनं शीड चांगलं मिळालं तर जरूर घ्या, पण उभारून, उन्हाकडे धरून बघा. पारदर्शक फिल्म पिवळट, कडक झाली असेल आणि घडी पडलेल्या जागी पांढऱ्या रेघा असतील तर ती पहिल्याच पडण्यात फाटेल. जाळीच्या फिल्मवर छोटी भोकं चालतील, शीडदुरुस्तीच्या चिकटपट्टीने बुजतात. बॅटनच्या खिशांची टोकं, बूमजवळ बाहीचं कापड आणि डाउनहॉलच्या चाकांभोवतीची शिवण घासली आहे का ते हाताने चाचपा. मास्टच्या जोडावर नख फिरवून चीर शोधा.

शिडाचा खरा शत्रू ऊन आहे. एप्रिल-मेच्या दुपारी दोन फेऱ्यांच्या मध्ये शीड सावलीत उलटं ठेवा, झाडाखाली जागा नसेल तर त्यावर चादर टाका. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते ठेवू नका, फिल्म चिकटते आणि वाकडी होते. घरी जाताना आधी आउटहॉल, मग डाउनहॉल सोडा, वाळू-चिखल गोड्या पाण्याने धुवा, वाळवा आणि वरच्या टोकाकडून गुंडाळा. घडी कधीच घालू नका. महिनाभर वापरायचं नसेल तर बॅटनचे ताण ढिले करून ठेवा आणि पुन्हा उभारताना बॅटनवरच्या आडव्या सुरकुत्या जाईपर्यंतच आवळा.